चेसिसवरचा संसार

मे २०२०. टाळेबंदीत एसटीची चाके थांबली होती आणि महामंडळाच्या तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा जुन्या बसमधली बाके काढली गेली, खिडक्या पत्र्याने बुजवल्या गेल्या आणि माणसे नेणारी गाडी माल नेऊ लागली. ‘महाकार्गो’ या नावाने अशा शेकडो गाड्या पुढे राज्यभर धावल्या. त्याच्या चार वर्षे आधी, २०१६ मध्ये, पुण्यात शहर वाहतुकीच्या निकामी बसमधून ‘ती’ या नावाची बायकांसाठीची स्वच्छतागृहे उभी राहिली होती. बसचा ट्रक झाला, बसचे न्हाणीघर झाले. तर मग बसचे घर का होऊ नये, हा प्रश्न नागपूरच्या कुठल्याही पानठेल्यावर निघाला की पाच मिनिटांत पलंग कुठे आणि फ्रीज कुठे इथपर्यंत नकाशा तयार होतो.

होते, बसचे घर होते. पण वरच्या दोन उदाहरणांत एक सोय होती, ती इथे नाही. ट्रकमधला माल मुक्कामी उतरतो. स्वच्छतागृह एका जागी उभे राहते. घर मात्र उतरतही नाही आणि उभेही राहत नाही. भांड्यांसकट, गाद्यांसकट, पाण्याच्या टाकीसकट ते अमरावती रोडच्या खड्ड्यांतून, चिखलदऱ्याच्या वळणांतून आणि वर्धा रोडच्या उन्हातून रोज धावणार असते. आतली सजावट हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि बहुतेक लोक सुरुवात तिथूनच करतात. या पुस्तकाचा क्रम उलटा आहे. वजन, ऊन, आग आणि कागद ही चार प्रकरणे आधी येतात. सुतार आणि कुशनवाला नंतर. असे का, ते सांगण्यापुरती ही प्रस्तावना.

आपल्याकडे मोठी गाडी मुळातच दोन तुकड्यांत जन्माला येते. कंपनी चेसिस विकते: इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग, चाके, पाटे आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे दोन लांब पोलादी गर्डर. त्यावरची खोली दुसरा कोणीतरी बांधतो. एसटीने ही बांधणी स्वतःच्या हातात ठेवली आणि दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत चेसिसवर बस बांधल्या. तिसरी कार्यशाळा आपल्या नागपूरची. गेल्या दशकात जुन्या ॲल्युमिनियमच्या बसचा सांगाडा उतरवून त्याच चेसिसवर पोलादी सांगाडा चढवण्याचे कामही महामंडळाने केले. म्हणजे चेसिस तीच ठेवून वरची खोली बदलणे ही काही परदेशातून शिकायची विद्या नाही. आपल्या शहरापासून अर्ध्या तासावर ती सरकारी पगारावर चालते.

खासगीतही हात आहेत. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्ग ४४ आणि गुजरातेतून ओडिशाच्या किनाऱ्याला जाणारा ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात, म्हणून चारी दिशांचे ट्रक इथे थांबतात, बिघडतात, दुरुस्त होतात आणि विकलेही जातात. वाडी, कापसी, कामठी रोड या पट्ट्यांत वेल्डर, पत्रेवाला, खरादी, पाटेवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन, रेक्झिन-कुशनवाला एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर सापडतात. कंपन्या आता डाल्यासकट तयार ट्रक विकू लागल्याने यांतल्या जुन्या बॉडीबिल्डरांचे काम रोडावले आहे. मोटारहोम त्यांना नवे काम देईल, असे मला वाटते. पण मोटारहोम करतो म्हणणाऱ्याने त्यांना इंटीरियरवाल्याचा हस्तक समजू नये. गर्डरला कुठे छिद्र पाडायचे नाही, हे त्या माणसाला माहीत असते आणि घरांची सजावट करणाऱ्याला नसते.

जगातही हे वेड नवे नाही. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या छोट्या व्हॅनमध्ये पलंग आणि चूल बसवायला घेतली. अमेरिकेत कादंबरीकार केन केसीने १९६४ मध्ये १९३९ सालची शाळेची बस घेऊन, ती भडक रंगवून, मित्रांसह देश ओलांडला. त्यानंतर शाळेच्या निवृत्त बसमध्ये राहणाऱ्यांची तिथे परंपराच झाली. लंडनहून कलकत्त्याला आणि पुढे सिडनीपर्यंत जाणारी ‘अल्बर्ट’ नावाची दुमजली बस तर आपल्याच देशातून जात असे, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली. ही उदाहरणे मनोरंजक आहेत, पण नागपूरकराला त्यांचा उपयोग मर्यादित. असल्या गाड्यांवरच्या तिकडच्या पुस्तकांत बराचसा मजकूर थंडीपासून बचाव कसा करायचा यावर असतो.

आपल्याला जास्त शिकवणारे उदाहरण शंभर किलोमीटरवरच आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे डिसेंबर १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ घेऊन निघाले. कन्याकुमारी ते काश्मीर. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत. मणक्याच्या आजाराने त्यांना बसणे अशक्य झाले होते. ते उभे राहू शकत, चालू शकत किंवा आडवे पडू शकत. मधली अवस्था त्यांच्या शरीराने काढून घेतली होती. म्हणून ते पडून प्रवास करू शकतील अशी सोय गाडीत करावी लागली. पुढे १९८८ मध्ये अरुणाचल ते गुजरात अशी दुसरी यात्राही झाली. आज ज्याला मोटारहोम म्हणतात, तशा कुठल्याच यादीत ही गाडी येणार नाही. गॅस नाही, सोफा नाही, टीव्ही नाही. पण मला ती या भागातली पहिली खरी राहती गाडी वाटते, कारण तिची आखणी एका माणसाच्या शरीरापासून सुरू झाली.

ज्यांना घर बांधायचे आहे त्यांनी गाडी पाहायला जाण्याआधी हेच करावे. घरात सर्वांत उंच कोण? साध्या बसच्या आतली उंची सहा फुटांच्या आगेमागे असते. छताला उष्णतारोधक थर आणि त्याखाली आतली शीट लावली की दोन-तीन इंच गेले. पावणेसहा फुटी मुलगा वर्षभर मान वाकवून चहा करणार असेल तर ती गाडी त्याच्यासाठी नाही. आईचे गुडघे दुखतात? मग बसच्या दारातल्या पहिल्या पायरीची उंची मोजा, तिच्या पायाने. आडवा पलंग टाकायचा तर बाहेरून अडीच मीटरच्या आसपास रुंदी असलेल्या गाडीत, दोन्ही भिंतींची जाडी जाऊन, उंच माणसाचे पाय जेमतेम मावतात. ही मापे कागदावर उतरली की मग गाडी शोधायला निघावे.

आणि इथे पहिला मोठा भ्रम तुटतो. अनेकांच्या डोळ्यांसमोर जुनी लालपरी असते. ती विकत घ्यावी, लाल रंग तसाच ठेवावा, मागे आपल्या गावाची पाटी लावावी. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमाने पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची, राज्य परिवहन महामंडळांच्या बससकट, नोंदणीच संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडाव्या लागतात. आयुष्य पूर्ण केलेली एसटी रस्त्यावर पळणारे घर म्हणून तुमच्या नावावर होणार नाही. तिचा पोकळ सांगाडा शेतात ठेवून खोली करायची असेल तर तो निराळा उद्योग, आणि खरे सांगायचे तर पुष्कळांना हवे असते ते हेच. ज्यांना वर्षातून दोनदाच फिरायला जायचे आहे त्यांनी काटोल रोडच्या शेतातल्या आंब्याखाली एक उभी बस ठेवावी आणि फिरायला रेल्वेने जावे. पैसे वाचतील, घरात भांडणेही कमी होतील.

ज्यांना चालते घरच हवे, त्यांच्यासमोर तीन वाटा उरतात. शाळेची बस: किलोमीटर कमी धावलेली, वेग न पाहिलेली, पण सतत थांबत-निघत क्लच आणि ब्रेक झिजवलेली. ट्रॅव्हल्सची बस: इंजिन दणकट, खाली सामानाच्या डिक्क्या ऐसपैस, पण रात्रंदिवस पळून गर्डर थकलेला असू शकतो, आतल्या कार्पेटखालचा पत्रा उचलून पाहिल्याशिवाय बोली लावू नये. आणि तिसरी वाट ट्रकची, त्यातही बंद कंटेनर बॉडीचा ट्रक. सरळ भिंती, भरपूर उंची, घर बांधायला आदर्श. फक्त केबिनमधून मागे जायला रस्ता नाही आणि चालत्या गाडीत मागच्या खोलीत माणसे बसवता येत नाहीत. शिवाय दहा टन मालासाठी घातलेल्या पाट्यांवर तीन टनांचा संसार ठेवला की पाटे वाकतच नाहीत; प्रत्येक गतिरोधकावर कपाटातली भांडी छताला सलाम करतात. पाटेवाला एक-दोन पाटे कमी करून देतो. ते काम करून घ्यावे, पण सगळे सामान भरल्यावर, आधी नाही.

इंजिनाबाबत माझे मत जुनाट आहे, तरी सांगतो. जुन्या धाटणीचा इंजेक्शन पंप असलेली गाडी धूर जास्त करते, पण वाडीपासून नागरकोईलपर्यंत कुठलाही मिस्त्री ती पाना-हातोड्यावर उघडतो. नंतरची सेन्सर आणि संगणकावर चालणारी इंजिने स्वच्छ आहेत, मात्र बंद पडली की स्कॅनर असलेला माणूस शोधावा लागतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नंतर अंमलबजावणीत वरखाली होत राहिले. ४४ नंबरच्या रस्त्याने काश्मीर गाठायचे स्वप्न असेल तर गाडीचे वय हा फक्त इंजिनाचा प्रश्न राहत नाही.

आता वजन. चव्वेचाळीस प्रवाशांची बस माणशी पासष्ट-सत्तर किलो धरून तीन टनांच्या आसपास माणसे वाहते. वर त्यांचे सामान आणि काढून टाकलेली बाके. त्यामुळे एकूण वजनाची चिंता पहिल्यांदा कोणाला वाटत नाही, आणि ते बरोबरही आहे. घात होतो वाटणीत. प्रवासी दोन्ही बाजूंना, पुढून मागे सारखे पसरून बसतात. घरात मात्र ओटा, सिंक, फ्रीज आणि पाण्याची टाकी नळाच्या सोयीसाठी एकाच भिंतीला चिकटतात. तीनशे लिटरची टाकी म्हणजे तीनशे किलो, तेही वळणावर इकडून तिकडे धावणारे. टाकीत आडवे पडदे नसतील तर घाटात गाडीच्या मागे कोणीतरी ढकलतो आहे असे वाटते. दुसरी चूक याहून वाईट. शयनगृह मागे, म्हणून बॅटऱ्या मागे, म्हणून दुसरी टाकीही मागे. मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणारा जो भाग आहे, तिथे ठेवलेले प्रत्येक किलो पुढचा आस उचलते. स्टेअरिंग हातात हलके लागू लागते आणि नवा चालक त्यावर खूश होतो. खूश होण्यासारखे त्यात काहीच नसते. पुढच्या टायरांची रस्त्यावरची पकड सुटत चाललेली असते. जड वस्तू दोन्ही आसांच्या मध्ये आणि जमिनीलगत, हा नियम मिस्त्री एका वाक्यात सांगतो. तो पाळायला मात्र अख्खा नकाशा दोनदा खोडावा लागतो.

उन्हाबद्दल नागपूरकराला कोणी काय सांगावे. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते. नंतर यंत्रच बिघडलेले निघाले, पण ती बातमी वाचून शहरात फारसे कोणी दचकले नाही, यातच सगळे आले. मे महिन्यात पत्र्याचे छप्पर दुपारी हाताला चटका देते आणि सूर्य मावळल्यावर दोन-तीन तास आतल्या माणसांना भाजत राहते. म्हणून छत हे या घराचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. सांगाड्याच्या कमानींमध्ये फोम किंवा नायट्राइल रबर भरले, पण कमानी तशाच उघड्या ठेवल्या, तर उष्णता लोखंडातून आत येतेच. त्यांच्यावरूनही थर जायला हवा. काचेची लोकर स्वस्त पडते, पण गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसते आणि पावसाळ्यात ओल धरते. छताला बाहेरून पांढरा परावर्तक रंग द्यावा. त्यावर चार बोटांची फट ठेवून सौर पॅनल बसवले की वीज मिळते ती मिळतेच, वर छताला दुसरे छप्परही मिळते. माझ्या मते नागपुरात पॅनलचा हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

एसी की कूलर, या वादात मी कूलरच्या बाजूने आहे, निदान होळीपासून मृगापर्यंत. हिशेब सोपा आहे. दीड टनाचा एसी उन्हाळ्यातल्या एका रात्रीत सात-आठ युनिट खातो. साडेपाचशे वॅटची सहा पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला बारा-तेरा युनिट देतात. त्यांतही पॅनल तापली की वीज घटते, म्हणजे सर्वांत जास्त गरज असते तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमीच. एवढी वीज रात्रीसाठी साठवायला घरातल्या इन्व्हर्टरसारख्या साध्या बॅटऱ्या दहा-बारा लागतील आणि त्यांचे वजन अर्ध्या टनाच्या पुढे जाईल. लिथियमच्या घेतल्या तर शंभर-सव्वाशे किलो, पण किंमत ऐकून बसावे लागते. कूलर दीडशे-दोनशे वॅटवर चालतो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात एक लिटर पाणी उडून जाताना जवळपास पाऊण किलोवॅट-तास उष्णता सोबत नेते, म्हणजे तासाला पाच लिटर पाणी उडाले की एक टनाच्या एसीइतका गारवा. विजेऐवजी पाणी खर्च करायचे, एवढाच सौदा. मात्र रात्रीत चाळीस लिटर पाणी जाते, समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते आणि गाडी सुरू करण्याआधी कूलरची टाकी रिकामी करावी लागते. पाऊस सुरू झाला की हा सौदा मोडतो. मग एसी लावा किंवा पचमढीला जा.

एक विसंगती सुटत नाही, ती आधीच मान्य करून टाकावी. झाडाखाली गाडी उभी केली तर घर थंड राहते आणि पॅनल आंधळी होतात. उन्हात उभी केली तर वीज भरपूर आणि आत बसणे अशक्य. दोन्ही एकत्र देणारी जागा विदर्भात अजून कोणी शोधलेली नाही.

विजेच्या बाबतीत आणखी एक. मोठ्या गाड्यांची वायरिंग चोवीस व्होल्टची असते आणि बाजारात मिळणारे बहुतेक कॅरव्हॅनचे सामान बारा व्होल्टचे. ऑटो इलेक्ट्रिशियन दोन बॅटऱ्यांच्या मधून बारा व्होल्ट ‘काढून’ देतो. असे करू देऊ नका. दोघींपैकी एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि वर्षभरात दोन्ही जातात. घराची वीज आणि गाडीची वीज वेगळी ठेवून मध्ये योग्य चार्जर बसवावा.

यानंतरचा विषय लिहिताना हात आखडतो, पण तोच सर्वांत आधी वाचला जावा अशी इच्छा आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी स्लीपर बस उलटली आणि पेटली. ती नागपूरहून पुण्याला निघाली होती. पंचवीस माणसे गेली. गाडी दाराच्या बाजूवर पडली होती; वाचले ते काच फोडून बाहेर आले. आता स्वतःच्या नकाशाकडे पाहा. बसला दार एकच, डाव्या हाताला. त्याच्या शेजारी ओटा, कारण बॉडीबिल्डरला तिथे पाइप सोपा पडतो. खिडक्या प्लायवूडने बंद, कारण कपाटांना भिंत हवी आणि उन्हापासून आडोसाही. मागची संकटकालीन खिडकी पलंगाच्या गादीआड. भिंतींत फोम, वर सनमायका, पडदे, गाद्या, खाली डिझेलची टाकी, आत गॅस. कारखान्यातून निघताना त्या बसला जेवढ्या वाटा होत्या त्यांतल्या बहुतेक आपण हौसेने बुजवलेल्या असतात.

म्हणून या पुस्तकात एक अट वारंवार येईल आणि वाचक कंटाळला तरी येत राहील: झोपण्याच्या जागेपासून बाहेर पडायला दोन वाटा, वेगवेगळ्या बाजूंना, आणि छताला एक झडप. प्रत्येक वाट आतून, अंधारात, हत्याराशिवाय उघडता आली पाहिजे. घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून ती एकदा उघडवून घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो; त्यासाठी सिलिंडरचे कप्पे बाहेरून उघडणारे आणि तळाशी जाळी असलेले हवेत. शक्य असेल त्याने इंडक्शन वापरावे आणि गॅसचा विचार सोडावा. वायरिंगला प्रत्येक फाट्यावर फ्यूज हवा. तिथे वाचवलेले पाचशे रुपये फार महाग पडू शकतात.

आता कागद. मिस्त्रीचा पहिला प्रश्न ‘कोणती गाडी घेता’ हा नसतो. तो विचारतो, ‘भाऊ, पासिंग काय म्हणून करता?’ आणि तो बरोबर विचारतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा मूळ रचनेतला बदल मालकाने आपल्या मनाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितले. त्यामुळे बस घेतली, घर बांधले आणि मग गिरीपेठच्या आरटीओत गेलो, हा क्रम चुकीचा आहे. आधी परवानगी, मग वेल्डिंग. मोटार कॅरव्हॅनसाठी देशात वेगळे मानक आहे, एआयएस-१२४. वाहन नोंदणीच्या यादीत ‘मोटार कॅरव्हॅन’ आणि खासगी वापराची ‘कॅम्पर व्हॅन’ असे वर्गही आहेत. बस किंवा ट्रक या वर्गातून तिकडे जायचे तर गाडीचा प्रकार, आसनसंख्या आणि रिकामे वजन, हे सारे नोंदणी पुस्तकात बदलले पाहिजे. हे न करता नुसती बाके काढून फिरणारे लोक आहेत. त्यांची गाडी नाक्यावर अडत नाही, तोपर्यंत सगळे ठीक असते. अपघात झाला की विमा कंपनी पहिले पान उघडते आणि तिथे ‘बस’ लिहिलेले असते.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. धोरणाचा झुकाव भाड्याने दिल्या जाणाऱ्या नव्या कॅरव्हॅन आणि त्यांच्या थांब्यांकडे आहे. जुनी गाडी फोडून स्वतःसाठी घर करणारा एकटा माणूस त्यात कोपऱ्यात उभा आहे. त्याने धोरणाची वाट पाहू नये.

परवान्याचा मुद्दा लहान आहे, पण नवरा-बायकोच्या वाटणीला येतो. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असलेल्या हलक्या वर्गाच्या गाड्या साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. १९८६ पासून रस्त्यावर असलेली टाटा ४०७ आणि तिच्या जातीच्या गाड्या या मर्यादेत बसतात. पूर्ण लांबीची बस बसत नाही. तिला जड वाहनाचा परवाना लागतो. दोघांनी आळीपाळीने चालवायचे असेल तर दोघांकडेही तो हवा. नाहीतर लांबच्या प्रवासात एकाला सुट्टी आणि दुसऱ्याला नोकरी असे होते. मोठ्या गाडीचे डिझेलही लक्षात घ्या, लिटरला पाच-सहा किलोमीटर. मला विचाराल तर दोन किंवा तीन माणसांच्या कुटुंबाने लहान गाडीच घ्यावी. मोठी बस मनाला भुरळ घालते आणि शहरातल्या रेल्वेपुलाखालच्या बोगद्याशी येऊन थांबते, छतावरच्या एसीसकट.

संडासाविषयी एवढेच. देशात कॅरव्हॅनची मैलाटाकी रिकामी करण्याच्या सोयी जवळपास नाहीत. मैलाटाकी बसवणे सोपे, ती कुठे रिकामी करायची हे अवघड. लाकडाच्या भुशाचा कोरडा संडास आणि पेट्रोल पंपावरची स्वच्छतागृहे या दोन्हींवर बहुतेकांचे भागते. ज्यांचे भागणार नाही त्यांनी तो खर्च नंतर करावा.

कुठे जाता येईल, हे विचारणाऱ्यांना सोपे माप: जिथे एसटी जाते तिथे तुमची बसही जाते. भामरागडला जाते, चिखलदऱ्याला जाते, नवेगावबांधला जाते. फरक एवढाच की एसटीचा चालक तो रस्ता रोज चालवतो.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करून या. पसंत पडलेली गाडी, बयाणा देण्याआधी, कुठल्याही वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. तिन्ही पावत्या जपा आणि नोंदणी पुस्तकातल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर चेसिसवर आधी कोणीतरी काहीतरी केले आहे. काय केले ते विक्रेत्याला विचारा आणि उत्तर पटले नाही तर दुसरी गाडी पाहा. जुळले, तर पुढच्या पानावरच्या तक्त्यात पहिल्या ओळीत ते लिहा. पलंगापासून चमच्यांपर्यंत आत येणारी प्रत्येक वस्तू, तिचे वजन आणि ती कोणत्या आसाच्या पुढे-मागे बसणार, हे त्याखाली येईल. तक्ता पेन्सिलीने भरा.